अंतर देऊ नकोस

संकटात देव जवळ येतो, असं आमच्या सासूबाई म्हणत. कोकणातून येताना त्यांनी देवीचा टाक बरोबर आणला होता. मुलुंडच्या घरात रोज त्याच्यापुढे बसून त्यांचं एकच मागणं असे, "आई, अंतर देऊ नकोस." लग्नानंतर ते माझ्याही तोंडी बसलं. पण आमच्या चार वर्षांच्या सुमाला घटसर्प झाला आणि मला त्या मागण्याचा रागच आला. मी देवीपुढून हलत नव्हते आणि इकडे पोरीचा घसा आवळतच चालला होता. कसली आई आणि कसली जवळ, असं मनात आलं. कुणाला बोलले नाही, पण आलं खरं.

सकाळी डॉक्टरांनी तिचा घसा पाहिला आणि म्हणाले, "इथे वेळ घालवू नका. शहरातल्या मोठ्या इस्पितळात यावरचं इंजेक्शन आहे. आत्ता निघा." थोरल्या दिरांची जुनी मोटार दारात होती आणि आमचे हे ती चालवायला नुकतेच शिकले होते. हे मुळात उतावळे. चहा बशीत ओतायचा धीर नाही, जीभ पोळून घेतील. त्यात पोटची पोर अशी. सुमाला मांडीवर घेऊन मी पुढेच बसले. तिच्या प्रत्येक श्वासाला शिट्टीसारखा आवाज येत होता, आणि तो थांबला तर काय, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

आग्रा रोडवर तेव्हाही गर्दी असे. कारखान्यांच्या लॉऱ्या, बैलगाड्या, मधूनच म्हशी. भांडुपच्या अलीकडे आमच्यापुढे लोखंडी सळयांची लॉरी आली. सळया मागे हातभर नव्हे, चांगल्या पुरुषभर बाहेर आलेल्या, टोकांना लाल फडकं बांधलेलं. वर ढिगावर एक हमाल दोरीला धरून बसला होता. समोरून वाहनं येत होती, त्यामुळे पुढे काढायला वाव नव्हता. यांनी मोटार लॉरीच्या अगदी पाठीला चिकटवली. ते लाल फडकं आमच्या काचेसमोर वरखाली नाचू लागलं.

"अहो, जरा मागे राहा ना," मी म्हटलं.

"मागे राहिलो की दुसरा कुणी मधे घुसतो. मग बसा त्याच्याही मागे."

मी डोळे मिटले आणि राग बाजूला ठेवून पुटपुटू लागले, आई अंतर देऊ नकोस, अंतर देऊ नकोस. डोळे उघडले तेव्हा तो हमाल आमच्याकडेच तोंड करून होता. त्यानं दोरीवरचा एक हात सोडला आणि वर उचलला. मला वाटलं, हा आम्हाला मागे हटा म्हणतोय. माझ्या तोंडून एकदम निघालं, "अहो, अंतर द्या, अंतर द्या त्याला."

हे वैतागले. "मघापासून देवीला अंतर देऊ नको म्हणतेस आणि मला म्हणतेस अंतर द्या. एक काय ते ठरव." पण बोलता बोलता त्यांचा पाय सैल झाला. लॉरी पुढे गेली. आमच्यामध्ये मोकळा रस्ता दिसू लागला आणि मला उगीच चुकचुकल्यासारखं झालं. आईनं अंतर दिलं की काय, असं वाटलं.

तेवढ्यात लॉरीपुढे म्हैस आडवी आली. लॉरी जागीच थांबली. यांनी ब्रेक दाबला, मोटार घसरत गेली आणि थांबली. सळयांची टोकं काचेपासून वीतभर लांब होती. आधीच्या जागी असतो तर ती सुमाच्या आणि माझ्या अंगातून गेली असती. सुमाच्या श्वासाची शिट्टी तेवढी चालू होती. तो आवाज मला त्या क्षणी किती गोड लागला, काय सांगू.

म्हैस हटेपर्यंत मी खिडकीतून त्या हमालाला हात जोडले. म्हटलं, "दादा, तुम्ही हात दाखवलात म्हणून वाचलो."

तो गोंधळला. "मी तुमका खंय हात दाखवलंय, बाये? वाटेर देवी दिसली, तिका नमस्कार केलंय. दुसऱ्या हातात दोरी होती."

मी मागे वळून पाहिलं. वडाखाली शेंदूर फासलेली देवी होती. गाडी तिच्यासमोरून गेली होती आणि मला ती दिसलीसुद्धा नव्हती.

पुढची सगळी वाट यांनी पुढच्या गाडीपासून लांब राहून मोटार चालवली. दोन टॅक्स्या मधे घुसल्या, त्यांनाही यांनी पुढे जाऊ दिलं. इस्पितळात इंजेक्शन वेळेवर मिळालं. सुमा बरी झाली.

यात देवीनं काय केलं आणि योगायोग किती, हे मी कधी मोजत बसले नाही. एवढं मात्र कळलं, की जवळ असणं म्हणजे काय हे आपण ठरवून देवापुढे बसतो, आणि त्याला त्याच्या रीतीनं काही करूच देत नाही. मी रुसले होते, तरी तिनं मनावर घेतलं नाही.

सुमा आता स्वतः मोटार चालवते. ती निघाली की मी दारातून सांगते, "अंतर दे गं." शेजारणी चमकतात, लेकीला असं अभद्र काय बोलते म्हणून. सुमा हसते आणि म्हणते, "देते, आई." मग मी आत येऊन टाकापुढे हात जोडते. सासूबाईंचे शब्द ओठांवर येतात, पण मी ते पुरे करत नाही. 'आई, अंतर...' एवढंच म्हणते आणि पुढचं तिच्यावर सोडते.