गोजरबाईंची राहिलेली फेरी

माझ्या सासूबाई, गोजरबाई, कुणाला घाबरल्याचं आमच्या वस्तीवर कुणी पाहिलं नव्हतं. लांडगा आला तर काठी घेऊन त्याच्या मागे धावायच्या, आणि तलाठी आला तरी काठी खाली ठेवायच्या नाहीत. अशा बाईला एका विमानाची भीती वाटत होती, हे गुपित मी एकटीनं नऊ वर्षं सांभाळलं. सून असून सांभाळलं, याचं कौतुक मलाच करावं लागतं, दुसरं कोण करणार?

कळमनुरीच्या अलीकडे माळावर एक जुनी धावपट्टी होती. तिथं छोटा फ्लाइंग क्लब चालायचा, शिकाऊ पोरं विमान उडवायला शिकायची. गवत वाढू नये म्हणून आमच्या मेंढरांना तिथं चरायची मुभा होती. १९९४ च्या दिवाळीनंतर आमच्या एका शेळीनं गवत सोडून विमानाच्या शेपटीचं कापड खाल्लं. हो, कापडच. क्लबची ती दोन पिवळी विमानं माझ्या नवऱ्याच्याही आधी जन्मलेली. आत नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणलेलं सुती कापड आणि वरून उग्र वासाचं रोगण. त्यात शेळीला काय चव लागली, देव जाणे.

शिकवणारे कप्तान गुलाबसिंग, नांदेडचे सरदारजी, ओरडतच आले. "बाई, तुम्हारी बकरी मेरा जहाज खा गयी!"

आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनीच, भोकावरून हात फिरवला. "येवढ्यासाठी ओरडून राहिले व्हय? फाटलं तर शिवायचं. सुकन्या, सुई आण."

गोधडी शिवण्यात त्यांचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. कप्तान आधी हसले, मग मेकॅनिकला शेजारी बसवलं आणि शिवून झाल्यावर पट्टी घेऊन स्वतः टाके मोजले. पहिल्या बोटभर जागेत चार टाके, मधल्या बोटभर जागेत चार, शेवटच्यातही चारच. त्यांनी गुपचूप पट्टी खिशात घातली. त्या दिवसापासून विमानांचं शिवणकाम आत्याबाईंकडे आलं.

पण क्लबचा एक कायदा होता. ज्यानं दुरुस्ती केली, त्यानं पहिल्या फेरीत विमानात बसायचं. "अपना काम, अपनी जान," कप्तान दार उघडून म्हणायचे. "चला बाई, बसा."

"आज चतुर्थी हाय," आत्याबाई म्हणायच्या. पुढच्या खेपेला मेंढ्या विणीला आलेल्या असत. त्याच्या पुढच्या खेपेला डोकं दुखे, आणि एकदा तर त्या म्हणाल्या, "म्या बसले तर मेंढरं मागं पळत येतील." कप्तान दर वेळी हसून मेकॅनिकला बसवायचे आणि म्हणायचे, "जगह तुम्हारी है, बाई. अगली बार."

एवढ्यावर थांबल्या असत्या तर आत्याबाई कसल्या! बाजारात बायकांनी विचारलं तर त्या खुशाल सांगायच्या, "बसले न! दोनदा बसले!" वरून औंढ्याचं देऊळ कसं दिसतं, नदी कशी दिसते, सगळं हातवारे करून सांगायच्या. ऐकता ऐकता मलाही खरं वाटायला लागायचं. घरी आल्यावर मी नुसती बघायची, आणि त्या म्हणायच्या, "भाकरी टाक, तोंड काय बघतीस!"

२००३ च्या एप्रिलमध्ये भर दुपारी हँगरमध्ये, म्हणजे विमानं ठेवायच्या पत्र्याच्या शेडमध्ये, वायरिंगनं पेट घेतला. रोगण लावलेलं कापड ते, वेळ कितीसा लागतो? आम्ही मेंढरं सोडून धावलो. कळमनुरीहून बंब येईपर्यंत दोन्ही विमानांच्या नुसत्या वाकड्या नळ्या उरल्या होत्या. कप्तान बाहेर मातीत बसले होते. "कोई मरा नहीं," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. आत्याबाईंनी त्यांना पाणी दिलं आणि त्यांच्या शेजारी तशाच मातीत बसल्या.

दुसऱ्या दिवशी बायका भेटायला आल्या, एखादं माणूस गेल्यावर येतात तशा. शेजारच्या शकुबाईंनी समजूत घालायला म्हटलं, "गोजरे, तू तरी बसली व्हतीस त्यात. तुझं नशीब चांगलं. वरून कसं दिसायचं, सांग न एकदा."

आत्याबाईंनी तोंड उघडलं आणि त्यांना रडूच फुटलं. "न्हाई बसले गं! कदीच न्हाई बसले. भ्या वाटायचं मला. नऊ वरसं त्यो मानूस दार उघडून उभा राह्यला, अन् म्या उद्या उद्या करत राह्यले."

कुणीही हसलं नाही. मला मात्र त्यांच्याकडे बघवेना. त्या दिवशी त्या मला पहिल्यांदाच म्हाताऱ्या वाटल्या. पुढं तीन वर्षं त्या धावपट्टीकडे फिरकल्या नाहीत. मेंढरं माझा नवराच न्यायचा.

२००६ मध्ये क्लबनं एक विमान आणलं, चार जणांचं, अख्खं पत्र्याचं. कप्तान स्वतः वस्तीवर नारळ फोडायचं आमंत्रण घेऊन आले. जरा संकोचूनच म्हणाले, "बाई, यात शिवण्यासारखं काहीच नाही. तुमचा एक टाकासुद्धा नाही. तरी अगर आप..."

"कवा निघायचं?" आत्याबाई म्हणाल्या. पायात चपला घातलेल्यासुद्धा होत्या.

त्या पुढं कप्तानांशेजारी, मी मागं. इंजिन सुरू झालं तसा त्यांनी हात मागं टाकून माझं मनगट धरलं. चाकं सुटली, माळ खाली गेला, आणि आत्याबाईंनी डोळे गच्च मिटून घेतले. ओठ काहीतरी पुटपुटत होते. माझी बोटं बधिर झाली, पण मी हात सोडवून घेतला नाही.

कप्तानांनी बघितलं. "बाई, डर लग रहा है? परत फिरू?"

"व्हय, लई भ्या वाटून राह्यलं," आत्याबाई मोठ्यानं म्हणाल्या. मग त्यांनी एक डोळा उघडला, आणि दुसराही. "पन फिरवू नका."