नाथसागरातला आमचा उंबरा

मी जमीन मोजणीच्या खात्यात आहे. तेवीस वर्षं झाली. जे मोजता येत नाही ते माझ्या लेखी नसतंच. भुताखेतांच्या गोष्टींवर हसणाऱ्यांत मी पहिला... म्हणजे गेल्या मे महिन्यापर्यंत.

आमचं मूळ गाव जायकवाडी धरणाच्या पाण्यात गेलं. मी शहरालगत पडेगावला राहतो. धाकटा भाऊ सुदाम मात्र नाथसागराच्या, म्हणजे त्याच धरणाच्या जलाशयाच्या, काठावरच चार तंबू टाकून पर्यटन चालवतो - हिवाळ्यात फ्लेमिंगो, पावसाळा सरला की होडी, आणि उन्हाळ्यात पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गावातून फेरफटका नि इतिहास. इतिहास म्हणजे अण्णांनी सांगितलेला. अण्णा आमचे वडील, आणि राहतात सुदामकडं. माझ्याकडं मोठा फ्लॅट आहे, एसी आहे, पण नाही! "सुदामकडं करमतं." हे वाक्य ऐकलं की माझा तिळपापड होतो. पन्नाशीत शोभत नाही, पण जळतो मी त्याच्यावर.

पाणी खाली गेलं की आमच्या गावचे लोक आपापल्या घराचा उंबरा शोधून हळद-कुंकू लावतात, दहीभात ठेवतात. भिंती कधीच गेल्या, उंबऱ्याचे दगड तेवढे उरलेत. मारुतीच्या ओट्यापासून उजवीकडं चौथा, तो आमचा. गेली नऊ वर्षं कुंकवाचा मान सुदामचा. थोरला मी, पण मला विचारतो कोण?

मे महिन्यातल्या एका रविवारी मी तिथं गेलो होतो. सकाळी नऊच्या सुमाराला सुदाम त्याच्या पर्यटक पाहुण्यांना उंबरा दाखवत होता आणि अण्णा खुर्चीत बसून कौतुकानं ऐकत होते. मला ते बघवेना. तणतणत ओट्याच्या दुसऱ्या बाजूला निघून गेलो.

तिथं एक बाई बसली होती. हिरवं लुगडं, हनुवटीवर गोंदण.

"थोरला ना तू?" ती म्हणाली. "तिकडं काय करता समदे? त्यो पाटलाचा उंबरा हाय. मारुतीकडं पाठ करून मोजायचं असतं, दर्शन घेऊन घराकडं निघाल्यावानी. तुझा भाऊ देवाकडं तोंड करून मोजतो. आपला ह्यो."

तिनं हातानं गाळ सारला. खाली दगड होता, एक कोपरा फुटका.

"बबन्याचा गुडघा दुखतो का रं अजून? हितंच आपटला होता."

बबन्या कोण, हे विचारायचंही मला सुचलं नाही. सुदाम चुकला! नऊ वर्षं चुकला! लई आनंद झाला मला. त्याला हाक मारायला वळलो, परत बघतो तर बाई नाही. चहूकडं सपाट, उघडं रान. मऊ गाळात पावलं फक्त माझी.

पाहुणे जेवायला बसल्यावर मी अण्णांना गाठलं. "तुमचा लाडका पाटलाच्या उंबऱ्याला कुंकू लावतोय."

"ठावं हाय," अण्णा शांतपणे म्हणाले. "पहिल्या वर्षापास्नं."

"मग बोलला नाहीत?"

"एवढ्या हौसेनं लावतो त्यो... कशाला मन मोडायचं?"

म्हणजे याच्या चुकीचेसुद्धा लाड! मी चिडून सगळं सांगून टाकलं. बाई, गोंदण, फुटका कोपरा, बबन्या.

"बबन्या म्हंजी मी," अण्णा म्हणाले. "मला तसं एकच माणूस म्हणायचं. माझी थोरली भन, आक्का. आई गेल्यावर तिनंच वाढवलं मला. धरणाच्या आधीच तापानं गेली. तुझ्या आईलाबी ते नाव ठावं नव्हतं. अन् गुडघा आपटला तवा ती एकटीच होती तिथं."

मी लहानपणी कुठंतरी ऐकलं असेल, ती कुणी मेंढ्यांमागची बाई असेल... सगळे हिशेब लावून पाहिले. गुडघ्यापाशी अडतं. पावलांपाशी अडतं.

मला वाटलं अण्णा रडतील. ते माझ्याकडं रोखून बघत राहिले. "नऊ वर्षं येतोय मी हितं," ते म्हणाले. "मला एकदाबी नाय दिसली. तुला कशी दिसली?"

ती नजर मी ओळखली. मी सुदामकडं तसंच बघतो. कुणीतरी आपला हेवा करावा, असं मला जन्मभर वाटत आलं होतं. पण तो अण्णांनी करावा...

पाणी पुन्हा चढेपर्यंत अण्णा रोज सकाळी काठी टेकत त्या फुटक्या कोपऱ्याच्या उंबऱ्यावर जाऊन बसायचे. मी दोनदा पडेगावहून मुद्दाम गेलो, बरोबर येतो म्हणालो. त्यांनी मला येऊ दिलं नाही.