पट्ट्याला पाणी लावायचं नसतं

आमच्या कोल्हारच्या कराटे क्लासला स्वतःची जागा नाही. तो एका मंगल कार्यालयात भरतो, त्यामुळे लग्नसराईत आमची पहिली गाठ अक्षतांशी पडते. आदल्या दिवशी लग्न झालेलं असलं की आधी हॉल झाडायचा. झाडताना एक जरी तांदूळ राहिला, तरी गुडघे टेकून बसताना तो नेमका माझ्याच गुडघ्याखाली येतो. कपडे बदलायला वधूपक्षाची खोली. तिथल्या आरशावर कुणाकुणाच्या टिकल्या चिकटलेल्या असतात. पहिल्या दिवशी त्या आरशात पांढरं जॅकेट आणि पांढरा पायजमा घातलेली मी मला दिसले आणि वाटलं, ही कुठल्या दवाखान्यातली कंपाउंडर आली?

मी खरं तर मुलीला सोडायला जायचे. ती थोड्याच दिवसांत कंटाळली आणि मी मात्र चिकटले. चाळिशी उलटलेली, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, घरी पेरूची बाग सांभाळणारा नवरा आणि सासूबाई. या वयात लाथा कसल्या झाडतेस, असं गावानं तोंडावर विचारलं नाही एवढीच गावाची कृपा. पण दिवसभर पोरांवर ओरडून आलेल्या बाईला तासभर शिस्तीत ओरडायला मिळतं, यासारखं सुख नाही. माझा स्वभाव मुळात तापट. क्लासला जायला लागल्यापासून घरातली भांडी कमी आपटतात, असं नवरा सांगतो.

आम्हाला शिकवणारी सेन्सेई, म्हणजे गुरू, ही माझीच जुनी विद्यार्थिनी. चौथीत असताना पाढे चुकले की तिला मीच बाकावर उभी करायचे. आता ती चुकलेल्या पवित्र्यासाठी मला उठाबशा काढायला लावते. आमच्यात एक न बोललेला करार आहे. अंगात ड्रेस असला की मी कमरेत वाकून नमस्कार करायचा आणि 'हो, सेन्सेई' म्हणायचं. ड्रेस उतरवून रस्त्यावर आलो की ती 'बाई' म्हणून माझी पिशवी हातातून घेणार. ड्रेसमध्ये कुणी कुणाच्या पाया पडायचं नाही, फक्त वाकायचं. पाया पडणं बाहेर, चपला घातल्यावर.

या ड्रेसचे नियम खेळापेक्षा अवघड. तो रस्त्यानं घालून हिंडायचा नाही. एकदा घाईत मी तसाच घालून स्कुटीवर निघाले आणि वाटेत बाजारात मेथीच्या जुड्या निवडत बसले. मान वर केली तर समोर सेन्सेई. त्या तशाच पुढं निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी मात्र सगळ्यांना रांगेत उभं करून म्हणाल्या, "पट्टा बांधून भाजीचा भाव करायचा नसतो." पोरं फिदीफिदी हसली. माझे कान तापले, पण मी वाकून 'हो, सेन्सेई' म्हटलं. घरी येऊन तीच मेथी मी रागारागानं निवडली.

हे नियम रात्री जेवताना मी आत्यांना सांगायचे. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना कराटे अजिबात पसंत नव्हतं, पण नियम मात्र कान देऊन ऐकायच्या. जॅकेटची डावी बाजू उजवीवर घ्यायची, कारण उजवी वर घेतात ती जपानात मेलेल्या माणसाला, असं मी सांगितलं तेव्हा त्यांचा घास हातात राहिला.

"आपल्यात बी मढ्याचं समदं उलटंच करत्यात," त्या म्हणाल्या. "मंजी शानी मानसं हायती."

लढताना पट्टा सैल झाला तर गुरूकडे पाठ फिरवून नीट करायचा, समोर तोंड करून नाही. हे तर त्यांना फारच पटलं. "पदर सावरताना आमी बी पाठ फिरवायचो. आता कोन फिरवतंय?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. पट्टा ओलांडायचा नाही, जमिनीवर टाकायचा नाही, आणि जॅकेट रोज धुतलं तरी पट्ट्याला पाणी लावायचं नाही. आपली जी मेहनत झाली ती त्यात मुरते, म्हणतात. त्यावर आत्यांनी नाक मुरडलं. घामाचं फडकं न धुता ठेवणं त्यांच्या शिस्तीत बसेना.

पण त्यांचा खरा राग होता तो रंगावर. "सवाष्णीनं पांढरंफटक घालून हिंडावं का गं? एक काठ न्हाई, एक ठिपका न्हाई." मी एकदा हसून म्हटलं, "अहो आत्या, तो खेळाचा ड्रेस आहे." तेव्हा त्या चुलीकडे बघत म्हणाल्या, "पांढरं कपाळ माज्या वाट्याला आलंय तेवढं बास हाय. तू कशाला पांढरं घेतीस अंगावर?"

सासरे गेल्यापासून आत्यांनी कुंकवाच्या करंड्याला हात लावलेला नव्हता. घरात हळदीकुंकू असलं की त्या स्वयंपाकघरात कढईपाशी उभ्या राहायच्या आणि मला पुढं पिटाळायच्या. नवरात्रात सवाष्ण जेवायला आली तरी तिला कुंकू मीच लावायचं. आता कुणी असलं पाळत नाही, असं मी कितीदा सांगितलं. "जग न्हाई पाळत, म्या पाळते," एवढंच उत्तर. माझ्या लग्नात उंबऱ्यावर मला पहिलं कुंकू लावलं होतं ते याच बाईनं, मळवट भरल्यासारखं. तो हात असा मागं घेतलेला मला बघवायचा नाही. तर त्या पांढऱ्या ड्रेसलाही आत्या हात लावत नसत. पावसाची सर आली तर दोरीवरचे सगळे कपडे आत यायचे, माझा ड्रेस भिजत राहायचा.

पिवळ्या पट्ट्याची परीक्षा दसऱ्यानंतरच्या रविवारी ठरली. नगरहून परीक्षक येणार होते. सेन्सेईंनी बजावलं, ड्रेस स्वच्छ, इस्त्रीचा. डाग दिसला तर रांगेतून बाहेर. मी ड्रेस धुतला, नीळ दिली, इस्त्री केली आणि घडी करून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला. घडीवर माझा पांढरा पट्टा.

खंडेनवमीला शाळेतून घरी आले. देवघरासमोर दरवर्षीसारखी अवजारं मांडलेली होती. विळे, खुरपी, कुदळ, पेरूच्या छाटणीची कात्री, फवारणीचा पंप. सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूची फुलं. आणि मधोमध, चक्क पाटावर, माझा ड्रेस. जॅकेटच्या छातीवर हळदीचं ठसठशीत बोट, त्यावर कुंकू. पट्ट्याच्या टोकालाही तेच. पट्टा पिवळा करण्याचा मान परीक्षकांच्या आधी आमच्या घरानं घेतला होता.

"कुणी केलं हे?" मी पर्स खांद्यावर असतानाच ओरडले.

"म्या केलं," आत्या आतून म्हणाल्या. "तुजं हत्यारच हाय न्हवं ते?"

"रविवारी परीक्षा आहे! एक डाग दिसला तरी बाहेर काढतात, सांगितलं होतं ना?"

मी जॅकेट आणि पट्टा उचलला आणि तडक मोरीत गेले. आधी जॅकेट घेतलं, साबण घासला, आणि पिवळं बोट डोळ्यांदेखत लालभडक झालं. हळदीला साबण लागला की काय होतं, हे घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण रागाला कुठं डोकं असतं? मी आणखी जोरानं घासलं आणि ते आणखी पसरलं.

मग पट्टा हातात घेतला. त्याच्या टोकावर बोटाचा ठसा स्पष्ट उमटला होता. रुंद, एका बाजूला जरा वाकडा. आत्यांच्या उजव्या हाताचं ते बोट कडबा तोडताना कधीतरी चेंगरलंय, तेव्हापासून वाकडंच आहे.

म्या केलं, असं त्या म्हणाल्या होत्या आणि मी ते ऐकूनही ऐकलं नव्हतं. नवऱ्यानं नाही, मुलीनं नाही, शेजारणीला बोलावूनही नाही. त्यांनी स्वतः करंडा उघडला होता. माझ्या हातातला साबण बादलीत पडला. मी तिथंच ओल्या फरशीवर बसले आणि मला रडू आलं, आणि रडताना हसूही येत होतं. पट्टा तेवढा मी पाण्यापासून लांब, खुंटीला अडकवला.

बाहेर आले तर आत्या भाकरी थापत होत्या. मला म्हणायचं होतं बरंच काही. तोंडातून निघालं, "साबण लावायला नको होता."

"उनात टाक. हळद उनाला भिती," त्या म्हणाल्या, पण माझ्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा. संध्याकाळी सेन्सेई सोनं द्यायला घरी आली, छान साडी नेसून. घरी ती 'ती'च. आपट्याची पानं माझ्या हातात ठेवून पाया पडली, मग आत्यांच्या पडली. अंगणात दोरीवर लाल डागाचं जॅकेट वाळत होतं. तिनं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. पण आत्यांना कुठं राहवतंय?

"पोरी, खरं सांग," त्यांनी तिचा हातच धरला. "माज्यामुळं हिची परीक्षा बुडती का?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. नियम नियम असतो. तिनं तो मोडावा असं मला वाटत नव्हतं आणि परीक्षा हुकावी असंही वाटत नव्हतं.

"आजी, जॅकेट पांढरंच लागतं," ती म्हणाली. "रविवारपर्यंत डाग गेला तर बाई रांगेत. नाहीतर पुढच्या परीक्षेला."

"आन् पट्टा?"

"पट्ट्याला आम्ही पाणी लावत नाही. त्याला जे लागलं, ते त्याचं झालं."

"मंजी माजं कुकू त्याच्यावर ऱ्हानार?"

"राहणार की."

आत्यांनी पदराला हात पुसले आणि सरळ दोरीपाशी जाऊन जॅकेट ओढलं. ज्या ड्रेसला त्यांनी खंडेनवमीपर्यंत बोट लावलं नव्हतं, त्याला त्या रविवारपर्यंत विसंबल्या नाहीत. लिंबू चोळलं, पाणी शिंपडलं, ऊन सरकेल तशी दोरीवरची जागा बदलली. पेरूच्या झाडांची सावली पडते म्हणून नवऱ्याला एक फांदीसुद्धा छाटायला लावली. "जॅकेट वाळवायला बाग तोडा आता," असं तो पुटपुटला आणि मुकाट्यानं छाटायला गेला. डाग लालाचा गुलाबी झाला, गुलाबीचा फिका. शनिवारी संध्याकाळी आत्यांनी जॅकेट उजेडासमोर धरलं आणि मला विचारलं, "तुला दिसतंय का काई?" मला दिसलं नाही. खरं तर शोधायलाही मी फारसे डोळे ताणले नाहीत.

रविवारी रांगेत उभी राहिले. परीक्षक वयस्कर, हसू न येणाऱ्या चेहऱ्याचे. एकेकाच्या ड्रेसवरून नजर फिरवत माझ्यापुढं थांबले. जॅकेटवरून नजर खाली आली ती पट्ट्याच्या टोकावर.

"हे काय लागलंय?"

"खंडेनवमीला घरी पूजा केली, सेन्सेई. सासूबाईंनी."

आमच्या सेन्सेई भिंतीपाशी हात मागं बांधून उभ्या होत्या. परीक्षकांनी ते टोक क्षणभर दोन बोटांत धरलं, परत जागेवर सोडलं आणि म्हणाले, "पवित्रा घ्या." त्यानंतर माझ्या लाथा किती उंच गेल्या मला आठवत नाही, पण शेवटच्या आरोळीनं मंगल कार्यालयाच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली एवढं खरं. पिवळा पट्टा सेन्सेईंनी माझ्या कमरेला स्वतः बांधला. गाठ ओढून घट्ट करताना हळूच पुटपुटल्या, "बाई, पाढे आले बरं का."

ड्रेस बदलून, पट्टा पिशवीत घालून घरी आले. आत्या ओट्यावर बसून होत्या. पिशवीकडे बघून म्हणाल्या, "घालून दाव की. घरात चालतं न्हवं?"

मी आत जाऊन सगळा ड्रेस चढवला, डावी बाजू उजवीवर, वर नवा पट्टा. बाहेर आले तर त्या देवघरासमोर उभ्या, हातात करंडा. त्यांनी ते वाकडं बोट कुंकवात बुडवलं आणि पट्ट्याच्या टोकाला टेकवलं. करंड्याचं झाकण लावायला निघाल्या.

"आणि मला?" मी कपाळ पुढं केलं.

त्यांचा हात थांबला. "म्या लावलेलं चालंल व्हय गं तुला?"

"लग्नात तुम्हीच लावलं होतं. मला तेच हवंय."

त्यांनी माझी हनुवटी धरली. बोट कपाळाला टेकलं आणि कुंकू जरा जास्तच लागलं, नाकावरही सांडलं. त्यांचे डोळे भरलेले दिसले आणि माझेही लगेच भरले. पट्ट्याची गाठ काही सैल झालेली नव्हती. तरी मी नियमाप्रमाणे पाठ फिरवली आणि बराच वेळ ती नीट करत उभी राहिले.