माझ्या हातात चुंबकाकडं न येणारी पूड

खरं सांगायचं तर मी असे अनुभव वाचतो ते चुका काढायला. मी केमिस्ट्रीचा माणूस. कुणी लिहिलं की दिवा आपोआप विझला, तर मी आधी वायरिंगचा विचार करतो. आमच्या घरात अंगारेधुपारे कुणी केले नाहीत, मीही करणार नाही. तरी हे लिहितोय... कारण चार वर्षं झाली, मी याचं कारण शोधतोय आणि ते मला मिळालेलं नाही.

मी तेव्हा संभाजीनगरात पीएचडी करत होतो. राहायला पुंडलिकनगर, आणि दिवसभर लॅब. काम असं होतं – विहिरीच्या पाण्यात फवारणीचं औषध उतरलंय का, ते शोधायचं. पाण्यात ते इतकं थोडं असतं की मशीनला सरळ दिसत नाही. म्हणून आम्ही एक काळी पूड बनवत होतो. आत चुंबकाला चिकटणारा बारीक कण, वर पॉलिमरचा पातळ थर, आणि त्या थरात नेमक्या त्या औषधाच्या रेणूच्या मापाचे खळगे. पूड पाण्यात टाकून हलवली की औषध खळग्यांत जाऊन बसतं, बाकीचं काही बसत नाही. मग काचेच्या नळीला बाहेरून चुंबक लावायचा. अर्ध्या मिनिटात पूड सगळी चुंबकाच्या बाजूला गोळा होते, पाणी नितळ होतं, ते ओतून द्यायचं. पुडीत अडकलेलं औषध सुटं करून मशीनला द्यायचं.

ऐकायला सोपं आहे. पण दीड वर्ष ती पूड आम्हाला जमली नाही. गाठी व्हायच्या. साधं डिस्टिल्ड वॉटर तपासलं तरी त्यात औषध दिसायचं, कारण खळगे पाडायला बनवताना वापरलेलं औषधच धुऊन पूर्ण निघायचं नाही, नंतर झिरपत राहायचं.

ते सोडवलं रेहानानं. रेहाना आमच्याकडं प्रोजेक्ट असिस्टंट होती, एम.एस्सी. झालेली, शहागंजातून यायची. आमच्या गाइड सरांसमोर फार बोलायची नाही. एक दिवस मला म्हणाली, "संदीपभैया, धोने का तरीका बदल के देखते. एकदम से नक्को, थोडा थोडा करके." तिनं धुण्याचं द्रावण बदललं, पायऱ्या बदलल्या, वरचा थर पातळ केला. महिनाभर एकटीच खपत होती. मी माझा थीसिस लिहीत होतो. मग एक दिवस तिनं नळी माझ्यापुढं धरली, चुंबक लावला, आणि पूड अशी सरकन बाजूला आली की मागचं पाणी पिण्यासारखं दिसत होतं.

पुढं तिच्या अम्मीला अर्धांगवायू झाला आणि तिला काम सोडावं लागलं. शेवटच्या दिवशी वह्या माझ्याकडं देताना तिनं विचारलं, "पेपर में मेरा नाम रहेगा ना, भैया?"

मी म्हणालो, "हे काय विचारणं झालं? तुझंच तर काम आहे."

पेपर पाठवायच्या वेळी सरांनी विचारलं, "ही मुलगी कशाला यादीत? हिचं काँट्रिब्यूशन काय?"

मला अजून ते टेबल दिसतं. मी म्हणालो, "तशी रुटीन मदत केली तिनं, सर."

का म्हणालो? सर चिडतील म्हणून. नावं कमी तेवढं माझं वजन जास्त म्हणून. दोन्ही खरं आहे. सरांनी तिचं नाव खाली आभारात टाकलं. पेपर छापून आला. रेहानाचा फोन आला नाही आणि मीही केला नाही.

आता ते – ज्यासाठी लिहायला बसलो.

व्हायव्हाच्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांना डेमो दाखवायचा होता. सकाळचे अकरा, लॅबमध्ये लख्ख उजेड. मी नळी हातात धरली, चुंबक लावला. काही झालं नाही. पाणी शाईसारखं काळंच. मिनिट गेलं, दोन गेली. मी चुंबक उलटा केला, दुसरा घेतला. तसंच. सरांनी हसत माझ्या हातातून तीच नळी आणि तोच चुंबक घेतला – आणि पूड बाजूला आली. परीक्षक म्हणाले, "नर्व्हस झालात." सगळे हसले, मीही हसलो.

संध्याकाळी सगळे गेल्यावर पुन्हा करून पाहिलं. नाही आली. आमचे लॅब अटेंडंट निवृत्तीमामा भांडी धुता धुता बघत होते. "द्या सर इकडं," म्हणाले. त्यांच्या ओल्या हातात पूड लगेच आली. मामांनी नळी उजेडाकडं धरली, मग माझ्याकडं बघितलं. "माझ्या हाताला येतंय की. तुमच्याच हाताला नाय. लई दमले असाल."

पुढं मी रीतसर तपासलं. ग्लोव्ह्ज घालून, न घालता. नवी नळी, नवी पूड. हाताच्या उबेनं होत असेल म्हणून हात बर्फाच्या पाण्यात गार करून. टाचण्या माझ्या हातातल्या चुंबकाला चिकटायच्या. विकत आणलेली तयार चुंबकी पूड यायची. रेहानाच्या पद्धतीनं केलेली पूड तेवढी यायची नाही, तीही फक्त नळी माझ्या हातात असताना. स्टँडला लावून बाजूला झालो की निमूट यायची.

नोकरी लागली, लग्न झालं. कॉलेजात हीच पूड करतो, नळी विद्यार्थ्यांना धरायला देतो. त्यांना वाटतं, सर शिकायची संधी देतात.

गेल्या वर्षी शेवटी शहागंजात गेलो. रेहानाच्या भावाचं चष्म्याचं दुकान आहे, वरच्या मजल्यावर ती शिकवण्या घेते. अम्मी आतल्या खोलीत झोपल्या होत्या. मी सगळं सांगितलं – टेबलापाशी काय बोललो, ते शब्दासकट.

तिनं समोरच्या वह्या बाजूला सारल्या. मग म्हणाली, "पेपर तो मैंने उसी हफ्ते देख लिया था. पीएचडी के इंटरव्यू में पूछे, काम किया तो नाम कहाँ है. क्या बोलती मैं?"

मला हे माहीत नव्हतं. मी खिशातली नळी काढून, चुंबक लावून माझ्या हातात दाखवली, मग तिच्या. तिच्या हातात पूड आली. माझ्या हातात नाही. ती घाबरली नाही, हसलीही नाही. नळी खिडकीशी नेऊन बघत राहिली.

मी जर्नलला दुरुस्तीचं पत्र लिहिलं. त्यांनी सगळ्या लेखकांची संमती मागितली. सर आता रिटायर झालेत. म्हणाले, "संदीप, झालं गेलं. आता उकरून कुणाचं भलं?" सही केली नाही. परत एकदा गेलो, तेव्हाही नाही.

काही जण म्हणतील – स्टॅटिक चार्ज, हात कापत असेल, मनाचे खेळ. मीही हे सगळं म्हणून बघितलंय. कबुली दिली म्हणून पूड यायला लागली असंही झालं नाही. परवाच बघितलं, काळं पाणी तसंच. माझ्याकडं स्पष्टीकरण नाही.

सरांनी नकार दिला ते सांगायला रेहानाला फोन केला होता. "नक्को भैया, रहने दो अब," म्हणाली. फोन ठेवायच्या आधी तिनं विचारलं, "वो जो आप लाए थे, वो मेरे टाइम का ही बॅच था ना?"

मी हो म्हणालो.

"इत्ते साल बाद भी कैसा साफ आया," ती म्हणाली. "मतलब कोटिंग अच्छी बनी थी."