लुसियाचे बाबा, माझे बाबा आणि मेक्सिकन बिअर

मंडळी, आज संध्याकाळी मी माझ्या मैत्रिणीवर जाम जळले. कारण तिचे बाबा.

इथे आयर्लंडमध्ये, ॲथलोनमधली माझी हाउसमेट लुसिया मेक्सिकोची आहे. आज तिने तिकडच्या दोन बिअर आणल्या. काळसर बिअर गोडसर, जळक्या साखरेसारखी लागली. फिकट बिअरची ती मिचेलादा करणार होती. म्हणजे ग्लासच्या कडेला मीठ, आत लिंबू, तिखट सॉस आणि वरून बिअर.

प्रमाण विचारायला तिने चक्क वडिलांनाच व्हिडिओ कॉल लावला! तिकडे भर दुपार. "अजून लिंबू पिळ," असं ते ओरडत होते. मग स्वतःचा ग्लास उंचावून त्यांनी मलाही चिअर्स केलं. मी हसले, पण आतून नुसती धुमसत होते.

तेवढ्यात पुण्याहून माझ्या बाबांचा रोजचा, झोपण्याआधीचा फोन आला.

"काय पितेस गं?"

"लिंबू सरबत."

"छान. दमली असशील. सावकाश पी."

फोन ठेवल्यावर लुसियाने विचारलं, "बाबा काय म्हणाले?" मला सांगवेना. एकोणतीस वर्षांची आहे मी!

तुमच्यापैकी कुणी पिण्याबद्दल घरी खरं सांगितलंय का? तुमचं पहिलं वाक्य काय होतं?