रिकाम्या गाडीचं वजन

मोठ्या भावानं लिलावातून लष्कराची जुनी फोर-व्हील ड्राइव्ह जीप घेतली आणि घरात भीती येऊन बसली. आमच्या गडचिरोलीकडच्या नक्षल्यांच्या जंगलात त्या काळी फौजेच्या हिरव्या गाडीतून फिरणं म्हणजे जीव मुठीत धरून फिरणं. रंग बदलावा, तर आरटीओतला साहेब म्हणे, आधी तपासणी. आणि तपासणीला येताना रिकाम्या गाडीचं वजन वजनकाट्यावर करून आणा, लष्कराच्या पाटीवरचं चालणार नाही. त्यानं एकदा आमच्या रस्त्यानं यायला हवं होतं.

आरमोरीचा काटा बंद होता. मूल गावच्या राइस मिलच्या काट्याकडे निघताना मी मागे धानाची पोती रचली, म्हणजे गाडी शेतकऱ्याची आहे हे लांबूनच कळावं. भाऊ चालवत होता; मी रस्ताभर मागे वळून पोती नीट दिसताहेत ना ते पाहत होतो.

"पोती उतरवा भाऊ, अन् तुमी बी उतरा," काटेवाला म्हणाला. वजनाची पावती हातात येईपर्यंत हमालांनी सवयीनं सगळं धान मिलच्या हौदात ओतून टाकलं. मिलमध्ये उतरलेलं पोतं दुसरीकडे कुठे जाणार?

"काऊन घाबरून राह्यला? बस," भाऊ म्हणाला. स्वतः मात्र दोनदा रस्ता न्याहाळून त्यानं गाडी सुरू केली.

परतताना जंगलातल्या वळणावर कोणीतरी हललं. भावानं घाबरून ब्रेक दाबला. मोहफुलं वेचणारी एक बाई होती. तिनं गाडी पाहिली, भरलेली टोपली तिथंच टाकली आणि झाडांत पळाली.

"बाई, आमी धानवाले आहो," मी ओरडलो.

मागे एकही पोतं नव्हतं.