रडारवरचं ‘गो’

आमच्या गावी, कापड्याला, भाताच्या रोपांसाठी शेतात पाचोळ्याचा राब भाजायला लागले की त्या धुराच्या वासाने मला कानांवर हेडफोन चढल्यासारखे वाटतात. मुंबईला विमानतळावर, रडारवर नोकरीला होतो तेव्हाची एक दुपार. खाली बघत रस्ता ओळखणारं एक शिकाऊ विमान पोलादपूरच्या डोंगरांवर असल्याच धुरात सापडलं. पडद्यावर त्याचा ठिपका मला दिसत होता. चालवणाऱ्या पोरीला मात्र काहीच दिसत नव्हतं. इंग्रजी बोलता बोलता ती एकदम म्हणाली, “काय दिसत नाय हो!”

ते ‘नाय’ ऐकलं आणि मीही नियम विसरलो. “घाबरू नको गो! डावीकडे वळ, सावित्री नदी दिसेल.”

तेवढ्यात दुसऱ्याच विमानातून आवाज आला, “सर, ‘गो’ किसको बोला? मैं जाऊँ?”

“आप रुको! ये हमारे गाँव का ‘गो’ है!”

मग तिचा हसरा आवाज आला, “दिसली! दासगावची खाडीपण दिसली!”

साहेबांची बोलणी खाताना तेव्हा मान वर होत नव्हती. आता वाटतं, अख्ख्या नोकरीत तोच एक शब्द नेमका बोललो. आजही धुरावरून विमान गेलं की वर बघून म्हणतो, “सांभाळून जा गो!”

राबाजवळून बायको विचारते, “कुठं जाऊ?”